एखाद्या सिस्टरला तिकीट द्यायचं कुणी मनावर घेईल काय?

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

दरवर्षी १२ मे च्या सुमाराला आपल्या पेपरात नर्स डे चे फोटो येतात, पांढऱ्या ड्रेसमधल्या मुली, हातात मेणबत्त्या आणि मधोमध प्रमुख पाहुणे, ज्यांनी भाषणात सांगितलेलं असतं की नर्स म्हणजे देवाचं रूप. मी बेळगावात आयुष्यभर स्टाफ नर्स म्हणून काम केलं, आता रिटायर होऊन वडगावात असते, त्यामुळं असली भाषणं पुष्कळ ऐकलीत आणि त्यातली माया मला खोटी वाटत नाही, लोक मनापासून बोलतात. पण एक गोष्ट मनात राहून गेलीय ती आज लिहिते. त्या स्टेजवरच्या एकाही पाहुण्याला, मग तो काँग्रेसचा असू दे, भाजपचा असू दे की आपल्या महाराष्ट्र एकीकरण समितीचा, असं म्हणताना मी ऐकलं नाही की ह्या खेपेला आमदारकीचं तिकीट एखाद्या सिस्टरला देऊया. वकील चालतो, कारखान्याचा चेअरमन चालतो, सोसायटीवाला चालतो, बिल्डर चालतो, डॉक्टर तर चालतातच, खानापूरनं २०१८ ला डॉ. अंजली निंबाळकरांना निवडून दिलं, चांगलीच गोष्ट आहे. पण जी बाई रात्रभर अख्खा वॉर्ड एकटी सांभाळते तिचा विचारसुद्धा कुणाच्या मनात येत नाही.

माझी भाची अमेरिकेत डॅलस शहरात नर्स आहे. तिच्याशी फोनवर बोलताना तिनं तिथल्या एका बाईंचं नाव काढलं, एडी बर्नीस जॉन्सन, म्हणाली मावशी ही आपल्यातलीच, नर्स होती, आधी राज्यात आमदार झाली मग वर त्यांच्या पार्लमेंटात गेली, इथल्या रेल्वे स्टेशनला तिचं नाव दिलंय. मला राहवलं नाही, नातवाला शेजारी बसवून मिळेल ते सगळं वाचून काढलं, आणि वाचताना सारखं वाटत होतं की हे आपल्या बेळगावातल्या, खानापुरातल्या, निपाणीतल्या लोकांना कळायला पाहिजे, म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, पण कृपा करून कापू नका.

ह्या बाई १९३५ ला टेक्सासमधल्या वेको गावात जन्मल्या, काळ्या घरात. त्यांना डॉक्टर व्हायचं होतं. शाळेतून सल्ला मिळाला की तू मुलगी आहेस, नर्स हो. हे वाचलं आणि मला माझ्या बॅचमधल्या कितीतरी मुली आठवल्या, मार्क होते, हुशारी होती, पण घरात भावाचं शिक्षण आधी आणि हिला लवकर पगार चालू होईल असं काहीतरी, म्हणून नर्सिंग. त्यावेळी टेक्सासमध्ये गोऱ्यांची कॉलेजं वेगळी, काळ्या मुलीला तिथं नीट नर्सिंग शिकायची सोयच नाही, म्हणून त्या राज्य सोडून इंडियानात सेंट मेरीज कॉलेजला गेल्या आणि १९५५ ला नर्सिंग पूर्ण केलं. आपल्या भागातल्या मुली मिरजेला कोल्हापूरला जाऊन शिकून येतात ना, अगदी तसं. फरक इतकाच की आपल्या मुली परत आल्या की त्यांच्यामागं आणखी एक भुंगा लागतो, महाराष्ट्र कौन्सिलचं रजिस्ट्रेशन असलं तरी इथं नोकरीला कर्नाटक कौन्सिलचं लागतं, मग एनओसी मुंबईहून, नोंदणी बेंगळूरला, मधी किती महिने जातात ते त्या मुलींना विचारा. २०२३ ला केंद्रानं नर्सिंग अँड मिडवायफरी कमिशनचा नवा कायदा केलाय, त्यात देशभराचं एक रजिस्टर करायचं ठरलंय. पण सीमेवरच्या मुलीची ही अडचण विधानसभेत उभं राहून सांगणारं कोण आहे?

तर जॉन्सनबाई डॅलसला आल्या, माजी सैनिकांच्या सरकारी हॉस्पिटलात. आपल्या कॅम्पातल्या मिलिटरी हॉस्पिटलमुळं सैनिकांचं हॉस्पिटल म्हणजे काय हे बेळगावकरांना सांगायला नको. त्यांना न बघताच नोकरी दिलेली होती, प्रत्यक्ष दारात काळी बाई उभी राहिल्यावर तिथल्या लोकांचा चेहरा बदलला आणि नर्सेसच्या क्वार्टरमध्ये द्यायची ठरलेली खोली नाकारली. बाईंनी नंतर सांगितलंय की त्या पेशंटच्या खोलीत जायच्या आधी दुसरं कोणीतरी जाऊन पेशंटला सांगायचं की ही नर्स शिकलेली आहे, घाबरू नका. असं ऐकून घेऊन पण त्या तिथं १६ वर्षं राहिल्या, मानसिक रोग्यांच्या विभागात, आणि तिथल्या चीफ नर्स झाल्या, त्या पदावर बसलेली पहिली काळी बाई. आपल्याकडून असल्या पेशंटला धारवाडला नेतात, ज्यांच्या घरात तसा पेशंट आहे त्यांना माहीत आहे की ते काम काय असतं. युद्धावरून आलेला माणूस रात्री किंचाळत उठतो, मारायला धावतो, दुसऱ्या दिवशी लहान पोरासारखा रडतो, आणि ह्या सगळ्यात ड्युटीवरच्या सिस्टरला आवाज चढवून चालत नाही. मी तर म्हणेन विधानसभेत बसायला ह्याच्यापेक्षा चांगलं ट्रेनिंग नाही. मधल्या काळात संसार, मुलगा, घटस्फोट हे पण झालं आणि १९६७ ला त्यांनी बी.एस्सी. नर्सिंग पण पूर्ण केलं, नोकरी करत करत.

१९७२ ला त्या टेक्सासच्या विधानसभेला उभ्या राहिल्या. केंद्र सरकारची नोकरी असल्यामुळं निवडणूक लढवायची तर ती सोडावी लागली, म्हणजे १६ वर्षांचा पगार आणि पेन्शनचा भरवसा सोडून एका घटस्फोटित बाईनं हे केलं. आणि दणदणीत मतांनी निवडून आल्या, डॅलसमधून कुठल्याही पदावर निवडून आलेली पहिली काळी बाई. तिथल्या आमदाराला पगार म्हणजे महिन्याला ६०० डॉलर, अधिवेशन दोन वर्षांतून एकदा १४० दिवस, म्हणजे आमदारकीवर घर चालत नाही. (आपल्याकडं २०२५ च्या मार्चमध्ये कर्नाटकच्या आमदारांचा मूळ पगार ४० हजारांवरून ८० हजार झाला, त्याला एकाही पार्टीचा विरोध दिसला नाही.) दुसऱ्या टर्मला त्यांना कामगारविषयक समितीचं अध्यक्ष केलं, टेक्सासच्या विधानसभेत एखाद्या मोठ्या समितीची अध्यक्ष झालेली ती पहिली बाई. १९७७ ला राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी त्यांना आरोग्य, शिक्षण आणि कल्याण खात्याच्या विभागीय संचालक केलं. १९८६ ला परत निवडणूक, ह्यावेळी राज्याच्या सिनेटवर, म्हणजे वरच्या सभागृहात.

आणि इथं मला सगळ्यात जास्त सांगायचंय. सिनेटमध्ये गेल्यावर ह्या बाईंनी काय काय बिलं आणली ते बघा. पेशंट पाठवल्याबद्दल हॉस्पिटलनं डॉक्टरला पैसे द्यायचे, ह्यावर बंदी. एक्सरे-स्कॅनिंगची सेंटरं काढली जातात त्यांच्यावर नियम. एड्सच्या पेशंटला कोणी हाकलायचं नाही, त्याला उपचार मिळालाच पाहिजे. साल लक्षात घ्या, ऐंशीचं दशक संपत आलेलं, एड्स म्हटलं की माणसं भांडीसुद्धा वेगळी ठेवायची. आणि घरमालक पडकं घर दुरुस्त करत नसेल तर नगरपालिकेनं करावं आणि खर्च मालकाकडून घ्यावा, असं पण एक बिल, कारण ओल आलेल्या खोलीतून आलेलं पोर बरं करून परत त्याच खोलीत पाठवलं तर ते पुढच्या महिन्यात परत येतं, हे नर्सला कळतं.

पहिलं बिल परत वाचा. त्या पैशाला आपल्याकडं कट म्हणतात. बेळगावात पेशंट म्हणून गेलेल्या कुठल्याही माणसाला कट म्हणजे काय ते माहीत आहे, अमुकच लॅबमध्ये रक्त तपासा, तमुकच ठिकाणी स्कॅनिंग करा, तिथलं रिपोर्ट असेल तरच बघणार. चंदगडहून, खानापूरहून, पार हुक्केरी संकेश्वरहून शेत गहाण टाकून माणसं इथं येतात आणि त्यांच्या बिलातला एक हिस्सा पेशंट पाठवणाऱ्याच्या खिशात जातो. मी ज्या ठिकाणी काम केलं त्यातल्या एका ठिकाणी हे माझ्या डोळ्यासमोर चालायचं, पाकिटं कुठल्या टेबलावरून कुठं जातात हे आम्हा सिस्टर लोकांना, आयाबाईंना, वॉर्डबॉयना सगळं माहीत असायचं. बोललं तर नोकरी जाणार, आणि नोकरी लावताना आमची ओरिजिनल सर्टिफिकेटं तिथं ठेवून घेतलेली, ती अडकणार. महाराष्ट्रात २०१७ ला कट प्रॅक्टिस बंद करायच्या कायद्याचा मसुदा तयार झाला होता, पेपरात गाजला, पण पुढं कायदा काही झाला नाही. टेक्सासच्या ह्या बाईंनी आमच्यासारखंच हॉस्पिटल आतून बघितलेलं होतं, आणि हातात मत आल्यावर त्यांनी कटलाच हात घातला. एका पत्रकाराला किंवा एखाद्या समाजसेवकाला ते बाहेरून शोधून काढावं लागलं असतं.

आता आपल्या गावात काय झालं ते आठवा. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये सुवर्ण विधानसौधमध्ये अधिवेशन चालू होतं आणि सरकार खाजगी हॉस्पिटलांवर नियंत्रण आणायचं बिल आणत होतं, केपीएमई म्हणजे खाजगी हॉस्पिटलांच्या राज्य कायद्यातली दुरुस्ती. राज्यभरातले खाजगी डॉक्टर संपावर गेले, बेळगावात येऊन धरणं धरलं, ओपीडी बंद, लोकांचे अतोनात हाल झाले. शेवटी बिल पास झालं पण मवाळ करून. डॉक्टरांची बाजू मांडायला संघटना होती, वकील होते, आमदारांत स्वतः डॉक्टर असलेले लोक होते, आणि त्यांचं म्हणणं सगळंच चूक होतं असं मी म्हणणार नाही, काही कलमं खरोखर जाचक होती. पण त्याच हॉस्पिटलात काम करणाऱ्या हजारो नर्सेसना त्या बिलाबद्दल काय वाटतं हे कुणी विचारलं? दर किती लावतात, पेशंटला काय सांगतात आणि काय लपवतात, बॉडी अडवून बिल कसं वसूल करतात, ह्याची माहिती ज्यांच्याकडं आहे त्यांच्यातलं एक माणूस सुद्धा आत नव्हतं.

परत २०२४ चा डिसेंबर घ्या. त्याच्या आदल्या महिन्यात बळ्ळारीच्या सरकारी हॉस्पिटलात सिझेरियन झालेल्या बाळंतिणी एकामागून एक गेल्या, सलाईनच्या बाटल्यांवर संशय आला, आणि बेळगावच्या अधिवेशनात त्यावर गदारोळ झाला. मी टीव्हीसमोर बसून ऐकत होते. सगळे बोलले, राजीनामा मागितला, ह्यांच्या काळात काय झालं त्यांच्या काळात काय झालं हे निघालं. पण सलाईन लावणारी कोण असते? बाटलीत काही तरंगताना दिसलं, पाणी गढूळ वाटलं, एकाच बॅचचं सलाईन लावल्यावर दोन बाळंतिणींना थंडी भरून आली तर तिनं कुणाला सांगायचं, लेखी द्यायचं का तोंडी, सांगितल्यावर ती बॅच लगेच बाजूला काढायचा अधिकार तिला आहे का, का तिनं स्टोअरला कळवून वाट बघत बसायचं, हे प्रश्न एका माणसानं पण विचारले नाहीत, कारण त्या सभागृहात नर्स म्हणून नाईट ड्युटी केलेलं कुणी नव्हतं. हे प्रश्न विचारले तर पुढच्या बाळंतिणी वाचतात. राजीनाम्यानं वाचत नाहीत.

आरोग्य हा आपल्या घटनेत राज्याचा विषय आहे, म्हणून मी दिल्लीचं काही बोलत नाही, आमदारकीचंच बोलते. अमेरिकेत पण तसंच, कॅलिफोर्निया राज्यानं १९९९ ला कायदा केला की एका नर्सकडं ठराविक पेशंटच असले पाहिजेत, २००४ पासून तो लागू झाला, साध्या वॉर्डात एका नर्सला जास्तीत जास्त आधी सहा, पुढच्या वर्षीपासून पाच, आणि आयसीयूत दोन. नर्सेसच्या युनियननं वर्षानुवर्षं भांडून तो मिळवला. आपल्याकडं नर्सिंग कौन्सिलचे आकडे कागदावर आहेत, पण ते पाळलेच पाहिजेत असा कायद्याचा धाक नाही, आणि रात्रीच्या वेळी एखाद्या मोठ्या वॉर्डात जाऊन बघा, तुम्हाला उत्तर मिळेल.

पगाराचं तर मी लिहिणारच. २०१६ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं खाजगी हॉस्पिटलांतल्या नर्सेसच्या पगारासाठी केंद्राला समिती नेमायला सांगितली, समितीनं शिफारस केली की २०० च्या वर बेड असलेल्या हॉस्पिटलनं राज्य सरकारच्या नर्सएवढा पगार द्यावा, १०० च्या वर असेल तर सरकारी पगारापेक्षा फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० असेल तर फार तर २५ टक्के कमी, आणि अगदी छोटं हॉस्पिटल असलं तरी २० हजारांच्या खाली कुणालाच नको. राज्यांनी त्याप्रमाणे कायदे करावेत असं ठरलं. केरळच्या नर्सेस रस्त्यावर उतरल्या, संप केले, आणि २०१८ ला तिथल्या सरकारनं किमान पगार २० हजार ठरवला. आता आपल्या शहरातल्या छोट्या नर्सिंग होममध्ये जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालेल्या पोरीला विचारा की बाळ हातात काय पडतं. बेळगुंदी, उचगाव, कंग्राळी, येळ्ळूर, ह्या गावांतून सकाळी बसनं येणाऱ्या ह्या पोरी आहेत, मराठी पोरी, समितीच्या मेळाव्याला ज्यांच्या घरातले सगळे जातात त्या घरातल्या.

म्हणून एकीकरण समितीला हात जोडून सांगते, रागावू नका. आमच्या घरात समितीशिवाय दुसरं मत पडलेलं नाही. सीमाप्रश्न १९५६ पासूनचा, २००४ पासून सुप्रीम कोर्टात दावा आहे, तो लढलाच पाहिजे, त्यात माझी कसलीच कुरकुर नाही. पण २०१८ ला आणि २०२३ ला समितीचा एकसुद्धा आमदार आला नाही आणि प्रत्येक वेळी आपण एकीचं बोललो, बेकीचं बोललो, पैसेवाल्यांचं बोललो. उमेदवार कसला दिला ह्यावर कधी बोललो काय? तालुक्यात अशा सिस्टर आहेत ज्यांनी अर्ध्या गावाची बाळंतपणं बघितलीत, ज्यांना जांबोटी कणकुंबीच्या वाडीवस्तीवरच्या बायका नावानं ओळखतात. खानापूरच्या जंगलातलं आमगाव पेपरात आलं होतं, पावसाळ्यात पेशंट बाईला खांद्यावरून चिखलातून आणावं लागलं, तसल्या गावात रस्ता मागायला आणि तिथं सबसेंटरला माणूस मागायला जी बाई उभी राहील तिला लोक पार्टी विचारणार नाहीत. आणि कोणी म्हणेल की विधानसभेत कन्नडमध्ये बोलावं लागतं, तर वॉर्डात आम्ही एका बेडवर मराठी, दुसऱ्यावर कन्नड, तिसऱ्यावर उर्दू बोलतच आयुष्य काढलंय. कन्नड बोलणाऱ्या पेशंटनी पण आम्हाला अक्का म्हणूनच हाक मारली. मराठीचा हक्क मागणारी आणि कन्नड शेजाऱ्याचा विश्वास असलेली अशी उमेदवार समितीला दुसरीकडं कुठं मिळणार?

राष्ट्रीय पार्ट्यांना पण तेच. २०२३ ला कर्नाटकात २२४ पैकी फक्त १० बायका निवडून आल्या, त्यातल्या लक्ष्मी हेब्बाळकर आणि शशिकला जोल्ले दोघी आपल्या जिल्ह्यातल्या, ह्याचा मला अभिमान आहे. आता महिला आरक्षणाचा कायदा २०२३ ला झालेला आहे, जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर तीन जागांपैकी एक बाईसाठी. मला भीती आहे ती एवढीच की त्या जागा आल्या की पुढाऱ्यांच्या बायका, सुना, मुली पुढं येणार, आणि काम केलेली बाई परत सतरंजी अंथरायला. आत्तापासून नावं शोधली नाहीत तर तेच होणार.

विधान परिषदेचं पण बघा. ७५ जागा, त्यात ७ शिक्षकांच्या आणि ७ पदवीधरांच्या, आपला वायव्य मतदारसंघ बेळगाव, विजापूर, बागलकोट मिळून. शिक्षकांना स्वतःचा आमदार आहे आणि तो असावा, माझे मिस्टर शिक्षकच होते, पगार, बदल्या, पेन्शन सगळ्याला त्या आमदाराचा उपयोग झालेला मी घरात बघितलाय. नर्सेसना तसा कुणी नाही. पण बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या मुली पदवीधर आहेत, पदवीला तीन वर्षं झाली की नाव घालता येतं, आणि ते नाव आपोआप लागत नाही, अर्ज भरावा लागतो. बेळगावात नर्सिंग कॉलेजं एवढी आहेत, दरवर्षी मुली बाहेर पडतात, त्यातल्या किती जणींनी नाव घातलंय? मुलींनो हे पत्र वाचत असाल तर आधी तेवढं करा. आणि राज्यपाल नेमतात त्या ११ जागा साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा ह्यासाठी आहेत, समाजसेवेत नर्स बसत नसेल तर कोण बसतं?

जॉन्सनबाई काही देवी नव्हत्या आणि मला त्यांची आरती करायची नाही. १९९१ ला राज्याच्या सिनेटमध्ये मतदारसंघ आखायच्या उपसमितीच्या त्या अध्यक्ष होत्या आणि त्यातूनच डॅलसमध्ये जो नवा मतदारसंघ तयार झाला त्यातून १९९२ ला स्वतः देशाच्या पार्लमेंटात गेल्या. त्या मतदारसंघाच्या रेषा वंश बघून आखल्या म्हणून १९९६ ला तिथल्या सुप्रीम कोर्टानं रद्द ठरवल्या. आपण २००८ ची फेररचना बघितलीय, उचगाव आणि बागेवाडी मतदारसंघ नकाशावरून गेले, त्यामुळं रेषा कोण आखतंय ह्यानं काय होतं हे सीमाभागातल्या माणसाला जास्त कळतं, आणि स्वतःसाठी रेषा आखणं मला पटलं नाही. २०१० ला तर स्कॉलरशिपचं प्रकरण झालं, मतदारसंघातल्या मुलांसाठीच्या स्कॉलरशिप स्वतःच्या नातवांना, नातेवाईकांना आणि ऑफिसातल्या माणसाच्या मुलांना दिल्या, पेपरनं ते बाहेर काढलं आणि त्यांना ३१ हजार डॉलरच्या वर पैसे परत करावे लागले. पेपरनं काढलं म्हणून बाहेर आलं, हे आपल्यासाठी पण लिहिते संपादक साहेब. नर्स आहे म्हणून सोडून द्या असं मी कुणालाच सांगणार नाही, उद्या आपली सिस्टर आमदार झाली तर तिच्यावरही अशीच नजर ठेवा.

पण त्यांनी केलेलं काम त्यानं पुसलं जात नाही. अमेरिकेच्या पार्लमेंटात निवडून गेलेल्या त्या पहिल्या नोंदणीकृत नर्स, ३० वर्षं तिथं होत्या, २०१९ ला विज्ञान समितीच्या अध्यक्ष झाल्या, त्या खुर्चीवर त्यांच्याआधी एकही बाई आणि एकही काळा माणूस बसला नव्हता. २०२२ चा तो मोठा सायन्स कायदा, चिप बनवायच्या कारखान्यांना आणि संशोधनाला पैसे देणारा, त्यात त्यांचा हात आहे. शाळेत जिला सांगितलं होतं डॉक्टर होऊ नको, ती शास्त्रज्ञांना पैसे किती द्यायचे ते ठरवत होती.

२०२३ च्या ३१ डिसेंबरला त्या गेल्या. पाठीचं ऑपरेशन झालं होतं, नंतर रिहॅब सेंटरला ठेवलं होतं, आणि तिथं बोलावूनसुद्धा वेळेवर कुणी आलं नाही, घाणीत पडून राहायला लागलं, त्यातून जखमेत इन्फेक्शन झालं असा त्यांच्या घरच्यांचा आरोप होता. हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून टाकल्यासारखा मोबाईल बाजूला ठेवला आणि बराच वेळ काही सुचलं नाही. बेल वाजवल्यावर माणूस का येत नाही हे मला माहीत आहे. बहुतेक वेळा ती एकटी असते आणि त्याच वेळी दुसऱ्या टोकाच्या बेडवर असते. तिथं आणखी एक माणूस नेमायचं की नाही हे पैसे मंजूर करणारे ठरवतात.

मुंबईच्या त्यावेळच्या महापौर किशोरी पेडणेकर ह्या पूर्वी नर्स होत्या, २०२० च्या एप्रिलमध्ये कोरोना भरात असताना त्या परत नर्सचा ड्रेस घालून नायर हॉस्पिटलात गेल्या, सगळ्या महाराष्ट्रानं तो फोटो बघितला. म्हणजे मराठी माणसाला नर्स मोठ्या खुर्चीवर बसलेली चालते. मग बेळगावला का नको?

माझं मागणं सोपं आहे. पुढचं हिवाळी अधिवेशन यायच्या आधी आपल्या पेपरानं जिल्ह्यातल्या १८ आमदारांना एकच प्रश्न पाठवावा, की २०१६ च्या त्या पगाराच्या शिफारशींबद्दल तुम्ही सभागृहात काय विचारलंत आणि काय उत्तर मिळालं, आणि जे येईल ते नावासकट छापावं, कुणी उत्तर दिलं नाही तर तेही छापावं. अधिवेशनाच्या वेळी कोंडुसकोपला आंदोलनाच्या तंबूत कंत्राटी नर्सेस, आशा, अंगणवाडीच्या बायका उन्हात बसलेल्या असतात, तिकडं आपला एक बातमीदार फोटोपुरता न पाठवता दिवसभर बसवावा. आणि समितीच्या किंवा कुठल्याही पार्टीच्या माणसाला खरोखर एखादी सिस्टर उभी करायची असेल तर त्यानं आपल्या ऑफिसात निरोप ठेवावा, माझा नंबर आपल्याकडं आहे. वडगाव, शहापूर, अनगोळ ह्या भागात घरोघर फिरायचं काम मी आणि माझ्याबरोबरच्या रिटायर झालेल्या सिस्टर करू.

आपली,
एक निवृत्त स्टाफ नर्स
वडगाव, बेळगाव